‘विहीर सामाईक आहे’: लॉक झालेली दोन रिळं पुन्हा उघडताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मराठी विनोदी चित्रपटाच्या पोस्ट-प्रॉडक्शनमधलं आहे. चित्रपटाचं नाव दिलेलं नाही, आणि ज्यावरून माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. त्या चित्रपटाचं पोस्ट मी सांभाळत होतो. एडिट, डबिंग, व्हीएफएक्स, साउंड, डीआय (चित्राचे रंग पक्के करण्याचं काम) आणि सेन्सॉर यांच्या तारखा एकमेकींच्या पायात येऊ नयेत, हे बघणं माझं काम.

दिग्दर्शक एकांकिका स्पर्धांमधून आलेला. पुढे काही वर्षं टीव्हीवरच्या विनोदी स्किट्समध्ये लेखन-दिग्दर्शन केलं, आणि हा त्याचा दुसरा चित्रपट. गोष्ट एका वाड्याच्या वाटणीची. दोघे भाऊ, त्यांची विधवा काकू आणि मोजणीला आलेला भूमापक. वाटणी अडते ती परसातल्या विहिरीवर. मोजणीचा नकाशा १९७१ सालचा आणि विहीर खणलेली ७२ च्या दुष्काळात, त्यामुळे नकाशात विहीरच नाही. शेवटच्या रिळात, म्हणजे चित्रपटाच्या शेवटच्या भागात, हे उलगडतं आणि सगळं भांडण एका क्षणात हास्यास्पद होतं. पूर्ण चित्रपट या एका तपशिलावर उभा आहे.

शूटिंग वाईजवळच्या एका गावात, जानेवारी-फेब्रुवारीत झालं. सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळचाच आवाज, घ्यायचं ठरलं होतं, पण ऊसतोडीचा हंगाम असल्यामुळे कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून वाड्यामागच्या रस्त्यानं जायचे. परसातले बरेच संवाद त्यामुळे डबिंगला गेले. पावसाळा लागेपर्यंत एडिट झालं, गणपतीच्या आधी पिक्चर लॉक झालं, म्हणजे चित्राचं एडिट अंतिम ठरलं, आणि नोव्हेंबरमधला एक शुक्रवार रिलीजसाठी जाहीर झाला.

ज्या प्रसंगाभोवती पुढचं सगळं फिरलं तो दुसऱ्या रिळात आहे. भूमापक टेप घेऊन अंगणात उभा. दोन्ही भावांनी वेगवेगळ्या चुली मांडल्या आहेत. काकू पदर खोचून विचारते, “साहेब, चहा थोरल्याच्या चुलीवरचा घेणार की धाकट्याच्या?” भूमापक एकाकडे बघतो, दुसऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, “पाणी चालेल.” काकू क्षणभर त्याच्याकडे बघून म्हणते, “विहीर सामाईक आहे.” मग भूमापक नकाशा उघडतो आणि स्वतःशीच पुटपुटतो, “नकाशा एक्काहत्तरचा आहे.”

पहिल्यांदा रशेस (शूटिंगचं न कापलेलं फुटेज) बघताना एडिट रूममधली सगळी माणसं या प्रसंगाला खदखदून हसली होती. चहा घेऊन आलेला मुलगा ट्रे हातात धरून दारातच थांबला होता.

अडचण

विनोदी चित्रपटाच्या एडिटमध्ये एक गोष्ट हळूहळू होत जाते आणि ती होत असताना कुणाला दिसत नाही. तोच विनोद रोज ऐकून कुणालाच हसू येत नाही. हसू आलं नाही की वाटतं, प्रसंग ढिला आहे. ढिला वाटला की फ्रेम काढल्या जातात. आठवड्यानं पुन्हा बघितलं की पुन्हा ढिला वाटतो.

दिग्दर्शकाचा दिवस त्या काळात असा जायचा: सकाळी एडिट, दुपारी अंधेरीत डबिंग, संध्याकाळी टीझर आणि पोस्टरच्या मीटिंगा, रात्री डीआयमध्ये वाड्याच्या भिंतीचा रंग. प्रत्येक टेबलावर त्याला हाच प्रसंग भेटायचा. डबिंगमध्ये ‘पाणी चालेल’ ही ओळ त्यानं इतक्या वेळा ऐकली की तिच्यात विनोद होता याची त्याला आठवण करून द्यावी लागली असती. सेटवर काकूनं ‘पाणी चालेल’नंतर साधारण दीड सेकंद, म्हणजे ३६ फ्रेमचा पॉज घेतला होता. लॉक झालेल्या एडिटमध्ये त्यातल्या ९ फ्रेम उरल्या होत्या. हे कुणी एका बैठकीत ठरवून केलेलं नव्हतं. आज चार, उद्या सहा, असं करत तो पॉज गेला. टीव्हीच्या स्किटची लय दिग्दर्शकाच्या अंगात मुरलेली होती आणि तिथे पंच एकमेकांना चिकटूनच येतात, हेही त्यामागचं एक कारण होतं. मात्र स्किटला समोर प्रेक्षक असतात, त्यांच्या हशासाठी नट थांबतो आणि तो हसा कार्यक्रमात ऐकूही येतो. चित्रपटातला नट थांबू शकत नाही. त्याच्या वतीनं कुणी थांबायचं असेल तर ते एडिटरनंच.

लॉकनंतर अंधेरीच्या प्रिव्ह्यू थिएटरमध्ये इंडस्ट्रीतल्या ओळखीच्या लोकांना चित्रपट दाखवला. सगळे हसले आणि बाहेर पडताना सगळ्यांनी खांद्यावर हात ठेवला. आमची एडिटर (तिला सगळे ताई म्हणतात) तेवढी गप्प होती. तिचं म्हणणं होतं की ही माणसं नटांना ओळखतात, पुढं काय येणार याचा त्यांना अंदाज असतो, त्यांच्या हसण्यावर विसंबून राहता येणार नाही. तिनं निर्मात्यांकडे अनोळखी प्रेक्षकांचा एक शो मागितला.

तो शो ठाण्यात झाला. बचत गटातल्या बायका, कॉलेजची मुलं, काही रिक्षाचालक, एका सोसायटीतले ज्येष्ठ नागरिक. फोन दाराशी जमा केले, प्रिंटवर वॉटरमार्क टाकला. फॉर्म भरून घेतले नाहीत. फॉर्मवर माणसं चांगलं लिहितात, कारण कुणीतरी आपल्याला फुकट सिनेमा दाखवलेला असतो. त्याऐवजी पडद्याखाली प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माइक ठेवले आणि पूर्ण चित्रपटभर हॉलचा आवाज रेकॉर्ड केला. दुसऱ्या दिवशी ताईनं तो ट्रॅक टाइमलाइनवर चित्राखाली बसवला. कुठे हसा पडला, किती वेळ टिकला, कुठे नुसतं खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, हे सगळं वेव्हफॉर्ममध्ये डोळ्यांना दिसत होतं.

दुसऱ्या रिळातला आमचा प्रसंग आला आणि ‘पाणी चालेल’ला हॉल फुटला. ते अपेक्षित नव्हतं, आम्ही पंच पुढच्या ओळीत धरला होता. हसा तीनेक सेकंद चालला आणि त्यातच ९ फ्रेमनी येऊन ‘विहीर सामाईक आहे’ बुडाली. ती ऐकू आलेले पुढच्या रांगेतले काही जण हसले, मागच्यांनी ‘काय म्हणाली?’ म्हणून एकमेकांना विचारलं, आणि या गलबल्यात ‘नकाशा एक्काहत्तरचा आहे’ कुणालाच ऐकू आलं नाही. सातव्या रिळात काकू जेव्हा म्हणते की विहीर ७२ च्या दुष्काळात खणली, तेव्हा ट्रॅकवर जवळजवळ सपाट रेघ आहे. कुणी हसलं नाही, कारण जोडायचा दुसरा धागा त्यांच्या हातात पोचलाच नव्हता.

पाचव्या रिळातल्या पंगतीच्या प्रसंगात अडचण वेगळी होती. तिथे पार्श्वसंगीत प्रत्येक पंचला टिचकी मारत होतं. हॉलमध्ये लोक नटाच्या चेहऱ्याला हसायला सुरुवात करायचे आणि वाद्याची टिचकी पडली की थांबायचे. ट्रॅकवर ते इतकं स्पष्ट दिसत होतं की त्यावर वाद घालायला जागा उरली नाही.

विचारात घेतलेले पर्याय

निर्मात्यांचं पहिलं म्हणणं सरळ होतं. “भाऊ, हॉल हसतोय. अजून काय पाहिजे?” दिग्दर्शक म्हणाला, “साहेब, हसतोय, पण शेवट कळत नाहीये.” निर्मात्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. तारीख जाहीर झाली होती, जाहिरातीचे पैसे गेले होते, आणि पुढच्या आठवड्यात मोठा हिंदी चित्रपट येत असल्यामुळे मल्टिप्लेक्समधले शो टिकवायला पहिलेच सात दिवस हातात होते. तारीख पुढं ढकलणं हा पर्याय त्याच बैठकीत संपला आणि माझ्या मते ते बरोबरच झालं.

मग असा विचार पुढं आला की चित्राला हात न लावता फक्त आवाजात दुरुस्ती करावी. बुडालेल्या दोन ओळी मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, वर उचलायच्या. साउंड डिझायनरनं नकार दिला, आणि कारण दिलं ते मला आजही महत्त्वाचं वाटतं. भरलेल्या हॉलमधल्या हशावरून ऐकू जाईल एवढी ओळ चढवली, तर दुपारच्या रिकाम्या शोला तीच ओळ ओरडल्यासारखी वाटेल. पुटपुटणारा भूमापक ओरडायला लागला तर तो माणूसच बदलतो.

दोन रिळं पूर्ण मोकळी करून मनासारखी कापायची, हा दिग्दर्शकाचा आवडता पर्याय होता. इथे तांत्रिक बाजू थोडी सांगायला हवी. फिल्म गेली तरी कामाच्या सोयीसाठी चित्रपट आजही पंधरा-वीस मिनिटांच्या भागांत तोडतात आणि त्याला रीळच म्हणतात. लॉक झालं की प्रत्येक रीळ साउंड, संगीत, व्हीएफएक्स आणि डीआय यांच्याकडे एकाच वेळी जातं. मध्ये एक सेकंद वाढला तर पुढची पावलं, दारं, भांडी, ढोलकीची थाप, सगळं एक सेकंद सरकतं आणि चारही ठिकाणी पुन्हा जुळवावं लागतं. दोन आख्खी रिळं नव्यानं जुळवायला मिक्सच्या तारखांमध्ये जागा नव्हती.

ताईनं जो पर्याय मांडला त्यावर शेवटी एकमत झालं. दोन रिळं उघडायची, पण रिळाची एकूण लांबी एका फ्रेमनंही बदलायची नाही. जिथे फ्रेम वाढतील त्याच प्रसंगातून तेवढ्याच फ्रेम काढायच्या. म्हणजे प्रसंग संपला की पुढचं सगळं होतं तिथेच राहील.

सेन्सॉरचा अर्ज तोवर गेला नव्हता, हे नशीब. प्रमाणपत्र मिळाल्यावर केलेला बदल मंडळाला कळवून मान्य करून घ्यावा लागतो आणि आमच्याकडे तेवढे दिवस नव्हते. अर्ज थोडा मागे ठेवला. पंगतीच्या प्रसंगातल्या बैलजोडीच्या शॉट्सना मात्र हात लावायचा नाही असं ठरलं, कारण बल्लभगडच्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची एनओसी त्या शॉट्सवर आलेली होती.

प्रत्यक्ष काय केलं

साधा उपाय होता, काकूचा मूळ पॉज परत आणायचा. तो आणता आला नाही. काकूच्या शॉटमध्ये मागच्या कौलांवर एक डिश अँटेना दिसत होती, ती व्हीएफएक्समध्ये पुसली होती. व्हीएफएक्सला शॉट देताना कटच्या अलीकडे-पलीकडे ८ फ्रेमचे हँडल दिले होते, म्हणजे तेवढ्याच जास्तीच्या फ्रेम पुसलेल्या मिळणार. आम्हाला त्याच्या चौपटीहून जास्त हव्या होत्या, आणि ते काम केलेली टीम दुसऱ्या चित्रपटावर गेली होती.

म्हणून वेळ भूमापकाच्या शॉटमध्ये शोधला. ‘पाणी चालेल’ म्हटल्यावर तो नट सेटवर कट म्हणेपर्यंत शांतपणे टेप गुंडाळत राहिला होता. एकदा थोरल्याकडे नजर, एकदा धाकट्याकडे, आणि टेपची टकटक. हे फुटेज पहिल्या असेंब्लीनंतर, म्हणजे सगळे शॉट पहिल्यांदा ओळीनं जोडल्यानंतर, कुणी बघितलंच नव्हतं. त्यातून ४४ फ्रेम घेतल्या. हसा पडला तर त्याला जागा मिळते. पडला नाही तरी पडद्यावर एक घाबरलेला सरकारी माणूस काहीतरी करत असतो, आणि ते बघायला छान वाटतं. नुसती शांतता सोडण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित होतं.

दिग्दर्शकाला त्या जागेत रहाटाची कुरकुर हवी होती. ताईचा विरोध होता: काकूच्या ओळीच्या आधी विहिरीचा आवाज आला तर पंच फुटेल. दोन्ही करून बघितलं. एका आवृत्तीत कुरकुर ऐकून भूमापक विहिरीकडे बघतो. त्यात खरोखरच काकूच्या आधीच विनोद कळत होता, ती टाकून दिली. दुसऱ्या आवृत्तीत रहाट प्रसंगाच्या सुरुवातीपासून मागे कुठेतरी वाजतोच आहे, कुणी लक्ष देत नाही आणि टेप गुंडाळताना तेवढा एकच आवाज उरतो. ती ठेवली. फोली आर्टिस्टनं (पावलं, भांडी असे आवाज स्टुडिओत काढणारा कलाकार) तो आवाज एका जुन्या लोखंडी बिजागरीवर काढला.

किती फ्रेम सोडायच्या, हे ठरवताना काकूचं काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीचा मोठा उपयोग झाला. त्या नाटकाच्या दौऱ्यावरून दुसऱ्या ओळी डब करायला आल्या होत्या. ताईनं त्यांना हशाचा ट्रॅक ऐकवला. त्या म्हणाल्या की हसा पूर्ण विरेपर्यंत नट थांबला तर प्रयोग खाली बसतो. हसा उतरायला लागला की बोलायचं, म्हणजे ओळ ऐकूही जाते आणि हवा टिकते. वेव्हफॉर्मवर उतार साधारण दोन सेकंदांनी सुरू होत होता. ४४ फ्रेम तिथून आल्या.

नकाशाची ओळ आधी भूमापकाच्या क्लोजअपवर होती. तिच्याऐवजी ओट्यावर नकाशा पसरतानाचा लांबचा टेक घेतला. त्यात तो पाठमोरा असल्यामुळे ओळ कुठेही सरकवता येत होती. आधी कागद उलगडल्याचा आवाज, मग “नकाशा एक्काहत्तरचा दिसतोय”, आणि मागून धाकट्याचं “एक्काहत्तरचा?” एवढा एक शब्द नव्यानं डब केला. धाकट्याचं काम करणारा नट घोडबंदरला मालिकेच्या शूटिंगवर होता. तिथल्या जेवणाच्या सुट्टीत जवळच्या स्टुडिओत येऊन बोलून गेला.

एवढ्या फ्रेम भरून काढायला भूमापक मोटरसायकलवरून येतो तो शॉट कापला आणि धाकट्याचा टेपवरचा एक विनोद पूर्ण काढला. तो दिग्दर्शकाचा फार लाडका होता. लिहिताना त्यानं सगळ्यात आधी लिहिलेला विनोद तोच. ठाण्याच्या ट्रॅकवर त्या जागी एकही आवाज नव्हता, खोकलासुद्धा नाही. दिग्दर्शकानं तो भाग पुन्हा एकदा ऐकला आणि स्वतः डिलीट दाबलं. पूर्ण पोस्टमधला सगळ्यात मोठा निर्णय मी यालाच म्हणेन, कारण त्यासाठी त्याला पैसे, तारीख किंवा तंत्र यांपैकी कशाचीच सबब नव्हती.

पंगतीच्या प्रसंगात संगीतकार आधी दुखावला. त्यानं जे केलं ते एडिटमधल्या टेम्प म्युझिकवरून (एडिट करताना तात्पुरतं लावलेलं संगीत) केलं होतं, आणि ते टेम्प आम्हीच लावून दिलेलं होतं. त्यामुळे त्याला नुसतं ‘काढ’ म्हणणं अन्यायाचं झालं असतं. हॉलचा ट्रॅक ऐकल्यावर त्यानं स्वतःच सुचवलं की संगीत पंचआधीच थांबवू, पंक्तीतल्या पत्रावळी-वाट्यांचा आवाज राहू दे, आणि हसा उतरला की ढोलकी परत येईल. तसंच केलं.

परिणाम

साताऱ्यात छोट्या हॉलमध्ये ती दोन रिळं आणि शेवटचं रीळ पुन्हा अनोळखी लोकांना दाखवलं. ‘पाणी चालेल’चा हसा थोडा कमी झाला, ‘विहीर सामाईक आहे’चा त्याहून मोठा आला आणि शेवटी दुष्काळाचा उल्लेख होताच मागच्या रांगेतून कुणीतरी “अरे, एक्काहत्तरचा!” असं ओरडलं. मिक्स ठरल्या तारखेला पूर्ण झालं, सेन्सॉर वेळेत झालं, चित्रपट ठरल्या शुक्रवारी लागला.

साताऱ्या-कोल्हापुराकडच्या सिंगल स्क्रीनमध्ये पहिला आठवडा चांगला गेला. दुसऱ्या आठवड्यात हिंदी चित्रपट आला आणि मुंबई-पुण्यातले शो सकाळच्या वेळेला ढकलले गेले. फ्रेमच्या या कामामुळे गल्ल्यात किती फरक पडला हे कुणाला सांगता येणार नाही आणि मी तसा दावाही करत नाही. समीक्षणांत शेवटाचं कौतुक झालं, आणि हा शेवट सप्टेंबरपर्यंत प्रेक्षकांना कळतच नव्हता.

एक जागा फसली. पंगतीत संगीत काढल्यावर एके ठिकाणी नुसत्या चेहऱ्यावर जवळजवळ दोन सेकंद उरले. भरलेल्या थिएटरात ते खपून गेले. अंधेरीत दुपारच्या शोला मोजकी माणसं होती, तिथे ते लांबले आणि एका बाईंनी तेवढ्यात पिशवीतून फोन काढला. भूमापकाच्या हातात टेप होती तसं या नटाच्या हातात काही नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

अनोळखी प्रेक्षकांचा शो लॉकच्या आधी व्हायला हवा होता. मराठी निर्मात्याला तो अनावश्यक खर्च वाटतो. हॉलचं भाडं, प्रिंट, माणसं जमवणं. लॉकनंतर चार विभागांना पुन्हा कामाला लावायला त्याहून जास्त खर्च आला, आणि निर्मात्यांनी पुढच्या चित्रपटाच्या बजेटमध्ये हा शो आपणहून घातला आहे. दाखवताना रंग आणि संगीत अर्धवट असलं तरी चालतं. संवाद स्वच्छ ऐकू यायला हवेत, तेवढी सफाई आधी करून घ्यावी.

विनोदी प्रसंगातल्या शॉटला व्हीएफएक्सचे ८ फ्रेम हँडल पुरत नाहीत. ज्या शॉटच्या आधी किंवा नंतर हसा अपेक्षित आहे त्याला निदान २४ द्यावेत. पुसण्याचं काम वाढतं, पण डिश अँटेनापायी नटीचा पॉज गमवावा लागत नाही.

पहिल्यांदा रशेस बघताना कोण कुठे हसलं, याची नोंद एडिट रूममध्ये त्याच दिवशी व्हायला हवी. ताई आता ती ठेवते: टाइमकोड, आणि पुढं हसणाऱ्याचं नाव. तीन महिन्यांनी एखादा पॉज कापायची वेळ आली की आधी ती वही उघडली जाते.

टेम्प म्युझिकबद्दल दिग्दर्शक आणि ताई यांचं अजून जमलेलं नाही. ताईच्या मते विनोदी चित्रपटात ते लावूच नये. दिग्दर्शकाला वाटतं की त्याच्याशिवाय निर्मात्यांना रफ कट दाखवता येत नाही, कारण कोरडा प्रसंग बघून पहिला प्रश्न येतो तो ‘हे विनोदी आहे ना?’ असाच. पुढच्या चित्रपटात दोन कट करायचं ठरलं आहे, निर्मात्यांसाठी संगीत लावलेला आणि संगीतकारासाठी कोरडा. रफ कट दिवाळीनंतर अपेक्षित आहे.